पाच अक्षरी इंग्रजी शब्द, त्यात अमुक अक्षरं हवीत: डोक्यातल्या डोक्यात शोधायचे कसे?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

हा धागा बाबांसाठी काढतेय. बाबा ७४ वर्षांचे, कराडला असतात. सगळी नोकरी मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. त्यांची नात, म्हणजे माझी भाची, मेलबर्नला असते, बारा वर्षांची आहे. गेलं वर्षभर आजोबा आणि नात रोज वर्डल खेळतात. माहीत नसेल त्यांच्यासाठी: रोज एक पाच अक्षरी शब्द ओळखायचा, संधी सहा. आपण टाकलेल्या शब्दातलं अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी.

नवा शब्द ज्याच्या त्याच्या गावच्या मध्यरात्री उघडतो. त्यामुळे भाचीला तो आपल्यापेक्षा साडेचार-साडेपाच तास आधी मिळतो. ती शाळेत जाण्याआधी नुसते रंगीत चौकोन पाठवते, अक्षरं नाहीत. बाबा सकाळी उठून आधी ते चौकोन बघतात आणि चहा झाला की वही-पेन्सिल घेऊन बसतात. दर रविवारी ती स्वतः एक शब्द मनात धरते आणि व्हिडिओ कॉलवर रंग सांगते. या रविवारी बाबा हरले आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. डाव असा झाला (अक्षरांची नावं देवनागरीतच लिहितेय):

पहिला शब्द रेझ, आर-ए-आय-एस-ई. आर आणि ई पिवळी, बाकी राखाडी. दुसरा आउटर, ओ-यू-टी-ई-आर. शेवटची ई आणि आर हिरवी, बाकी राखाडी. म्हणजे शेवट ई-आर ठरला, पहिल्या तीन जागा रिकाम्या. मग बाबांनी नेव्हर, लीव्हर (तरफ), एल्डर, फ्यूअर असे चार शब्द टाकले आणि डाव संपला. उत्तर होतं सायबर, सी-वाय-बी-ई-आर.

बहीण म्हणाली, बाबा, अक्षरं टाकली की शब्दांची यादी काढून देणारी संकेतस्थळं आहेत, ती बघा. बाबा म्हणाले, "मागच्या पानावरचं उत्तर बघून सोडवलेलं गणित मी पोरांकडून कधी घेतलं नाही." त्यांना शब्द नको आहेत, पद्धत हवी आहे. तुमच्यात स्क्रॅबल (अक्षरांचे ठोकळे पटावर मांडून शब्द जुळवायचा खेळ) खेळणारे, इंग्रजी शब्दकोडी सोडवणारे असतील, विशेषतः मराठी माध्यमातून आलेले. अक्षरं आणि लांबी दिली की तुम्ही डोक्यात नेमकं काय करता?

घाटमाथा

ताई, बाबांचा डाव तिसऱ्या शब्दालाच सुटण्याच्या वाटेवर होता. नेव्हरमध्ये ई दोनदा आहे, दुसऱ्या आणि चौथ्या जागी. चौथी हिरवी आली, दुसरी राखाडी आली असणार. बरोबर?

ओसरी

हो, अगदी तसंच. बाबांना तेच कळलं नाही. "ई तर शब्दात आहे, मग तीच राखाडी कशी?" असं ते म्हणत होते. भाचीला वाटलं आपण रंग चुकीचा सांगितला की काय.

घाटमाथा

भाचीने बरोबर सांगितला. एकच अक्षर दोनदा टाकलं आणि एक हिरवं, एक राखाडी आलं, तर उत्तरात ते अक्षर एकदाच आहे. हा रंग फुकट मिळालेली माहिती आहे. त्यानंतर लीव्हर, एल्डर, फ्यूअर हे तिन्ही बाद होते, कारण तिघांतही दोन ई आहेत. उरलं काय? ए, आय, ओ, यू आधीच गेलेले, दुसरी ई पण गेली. मग पहिल्या तीन जागांत स्वराचं काम करायला वाय सोडून कोणी शिल्लकच नाही. हायपर, सायबर, फ्लायर, ड्रायर. रोजच्या वापरातले एवढेच. चारातला एक चौथ्या-पाचव्या संधीला लागलाच असता.

पण मी तिसऱ्याच संधीला वेगळं काही केलं असतं. आउटरनंतर कागदावर लिहिलं असतं: नेव्हर, न्यूअर, लीव्हर, फ्यूअर, डिफर (डी-ई-एफ-ई-आर), चिअर, एल्डर, एंबर, हायपर, सायबर, फ्लायर, ड्रायर. बारा शब्द आणि संधी चार. एकेक करून टाकत बसलो तर नशिबावर. त्याऐवजी उत्तर नसणारच असा शब्द मुद्दाम टाकायचा: फील्ड, एफ-आय-ई-एल-डी. आता बघा. एफ एकटाच लागला तर फ्यूअर. एल एकटा तर लीव्हर. डी एकटा तर ड्रायर. एफ आणि एल तर फ्लायर. एफ आणि डी तर डिफर. एल आणि डी तर एल्डर. तिसरी ई हिरवी झाली तर चिअर. ई पिवळी आणि बाकी काहीच नाही तर नेव्हर, न्यूअर, एंबर, हायपर, सायबर हे पाच उरले. मग चौथा शब्द सायबर टाकायचा. बी लागला तर एंबर, वाय लागला तर हायपर, काहीच नाही तर नेव्हर किंवा न्यूअर, आणि त्यासाठी दोन संधी हातात आहेत. या बारांतलं कुठलंही उत्तर असो, सहाच्या आत सुटतं.

बाबा गणिताचे शिक्षक आहेत, त्यांना हे लगेच पटेल. प्रत्येक शब्दाने उरलेल्या ढिगाचे जास्तीत जास्त वाटे पडले पाहिजेत.

रानजाई

हे फील्डचं भारी आहे! मी लाइट, माइट, नाइट, फाइट, साइट, टाइट यांत कितीदा अडकलेय. आय-जी-एच-टी सापडलं की आनंद होतो आणि मग पहिलं अक्षर बदलत बदलत सगळ्या संधी संपतात.

घाटमाथा

तिथे फिल्म्स टाका, एफ-आय-एल-एम-एस. फाइट, लाइट, माइट, साइट चारही एका फटक्यात तपासून होतात. मात्र खेळाची अवघड पातळी चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात.

मोरपंखी

मी पस्तीस वर्षं इंग्रजी शब्दकोडी सोडवतेय. सातवीपर्यंत इंग्रजीत "माय नेम इज" च्या पुढे गेले नव्हते, म्हणून बाबांची तगमग चांगलीच समजतेय. त्यांना माझं सांगणं: शब्द शोधू नका, आधी साचा शोधा.

वरचंच उदाहरण घेते. तीन रिकाम्या जागा आणि मग ई-आर. उच्चार करता यायला त्या तीन जागांत स्वर कुठे बसू शकतो? एक, दुसऱ्या जागी, म्हणजे व्यंजन-स्वर-व्यंजन: नेव्हर, सायबर. दोन, पहिल्याच जागी: एल्डर, एंबर. तीन, तिसऱ्या जागी आणि सुरुवातीला जोडी: फ्लायर, ड्रायर, चिअर. झालं, तीनच साचे. आता प्रत्येक साच्यात बाराखडी म्हणतो तशी अक्षरं फिरवायची. तिसऱ्या साच्यात तर कामच कमी, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या व्यंजनांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. एल आणि आर यांच्या आधी बी, सी, एफ, जी, पी बसतात. एल-आरपैकी डी आणि टी फक्त आर घेतात. एच असेल तर सी, एस, टी, डब्ल्यू, पी कडे बघा. एस मात्र कोणाशीही जमवून घेतो: के, एल, एम, एन, पी, टी, डब्ल्यू. या जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या की महिन्याभरात पाठ होतात.

शेवटही तसाच बघायचा. पाच अक्षरी शब्दांत ई आणि वाय हे शेवट भरपूर. मग टी, आर, एल, एच, एन, डी. जोडीने बघितलं तर सी-एच, सी-के, एस-एच, एन-टी, एन-डी, एस-टी, टी-वाय, एल-वाय. उलट व्ही, जे, क्यू, यू, आय यांवर शब्द संपवायला इंग्रजी लेखनाला आवडत नाही. हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी ऐकू न येणारी ई त्याचसाठी येते. म्हणून व्ही मिळाला तर तो शेवटी नाही असं धरून चालायचं, आणि त्याच्यानंतर ई आहे का ते आधी तपासायचं.

आणखी एक सवय. अक्षरं ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडेच वाचतो आणि चुकीचाच क्रम डोक्यात पक्का बसतो. गोलात कुठूनही सुरुवात करता येते. मला हे एका जुन्या शेजाऱ्यांनी शिकवलं. ते अक्षरं वर्तमानपत्राच्या समासात घड्याळासारखी मांडत.

ओसरी

मोरपंखीताई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. "साचा शोधा" ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे समीकरण आधी मांडायचं, आकडे मग घालायचे. हे मला आधीच सुचायला हवं होतं." त्यांनी विचारलंय की कोणतं अक्षर जास्त वापरात आहे हे कोणी मोजलंय का.

खिळेघर

मोजलंय, आणि छापखान्यातल्या लोकांना ते मोजायच्या आधीपासून हाताला माहीत होतं. आमच्या घरचा ट्रेडल छापखाना होता. काका कंपोझिंग करायचे, म्हणजे शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर मांडायचे. इंग्रजी खिळ्यांची केस बघितली की लहान ई चा खण सगळ्यांत मोठा आणि हाताशी. झेड, क्यू, जे, एक्स यांचे खण चिमुकले आणि कडेला. देवनागरीची केस वेगळीच, जोडाक्षरं आणि काना-मात्रांमुळे कितीतरी जास्त खणांची. काका न बघता खिळे उचलायचे. पुढे कळा दाबून मजकूर जुळवणारी लायनोटाइप यंत्रं आली, त्यांच्या कळपट्टीवर डावीकडचे पहिले दोन स्तंभ वरून खाली ई-टी-ए-ओ-आय-एन आणि एस-एच-आर-डी-एल-यू असे होते, म्हणजे वापराच्या क्रमानेच. मोर्सच्या तारेच्या लिपीतही तेच तत्त्व: ई साठी एक टिंब, टी साठी एक रेघ, आणि क्यू साठी रेघ-रेघ-टिंब-रेघ.

स्क्रॅबलची गोष्ट तर बाबांना नक्की आवडेल. अमेरिकेत मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाची नोकरी गेली. त्याने वर्तमानपत्रांची पानं घेऊन अक्षरं हाताने मोजली आणि त्यावरून खेळ बसवला. १९३८ साली खेळाला आजचं रूप आलं, आणि १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याच्यामुळे स्क्रॅबल हे नाव मिळालं. शंभर ठोकळ्यांपैकी ई चे १२, ए आणि आय चे ९-९, ओ चे ८, एन, आर, टी चे ६-६. क्यू आणि झेड प्रत्येकी एकच, आणि त्यांना १० गुण. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक जण कुठल्याही शब्दाला एस चिकटवून अनेकवचनं करत बसला असता.

घाटमाथा

वर्डलच्या उत्तरांसाठी थोडी दुरुस्ती लागेल. मूळ खेळात उत्तरं म्हणून सुमारे २,३०० शब्द होते. त्यांत अक्षरांचा क्रम ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन, सी असा लागतो. चालू मजकुरात टी आणि एच इतके वर असतात ते बऱ्याच अंशी द, दॅट, धिस, विथ यांसारख्या सतत येणाऱ्या शब्दांमुळे. एकेक शब्द एकदाच मोजला की त्यांचा जोर ओसरतो. सुरुवातीला एस सर्वांत जास्त, मग सी, बी, टी, पी. शेवटी एस मात्र फार कमी, कारण साधी अनेकवचनं उत्तरात घेतलेली नाहीत. बाबांचा रेझ हा पहिला शब्द म्हणूनच उत्तम आहे, तो बदलू नका.

त्या यादीचीही गोष्ट आहे. जॉश वार्डलने हा खेळ आपल्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला. इंग्रजीतल्या पाच अक्षरी शब्दांची मोठी यादी समोर ठेवून ओळखीचे कोणते आणि अनोळखी कोणते हे पलक यांनी निवडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांना खुला झाला आणि जानेवारी २०२२ च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. बाबांनी एवढं लक्षात ठेवावं की उत्तर बहुतेक वेळा साधाच शब्द असतो, शब्दकोशाच्या कोपऱ्यातला नसतो.

शाईदौत

एक इशारा देऊ? आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, वर्डल अमेरिकन आहे. आपला कलर सहा अक्षरी, त्यांचा पाच. फेवर, ह्यूमर, ऑनर यांतला यू उडवला की पाच अक्षरी होतात. २०२२ च्या सुरुवातीला फेवर उत्तर आलं तेव्हा ब्रिटनमधले खेळाडू चांगलेच नाराज झाले होते. मीटर, लीटर, फायबर यांचा शेवट आपल्याकडे आर-ई, तिकडे ई-आर. बाबांची पिढी तर स्पेलिंगला काटेकोर. त्यांना हे आधीच सांगून ठेवा. मेलबर्नची नातही शाळेत यू घालूनच लिहीत असणार.

तिसरा मजला

मी संगणकाच्या बाजूने लिहितो. बाबांचा संकेतस्थळांना नकार समजतो. पण ती संकेतस्थळं आत काय करतात हे बाबांना सांगा, ते गणितच आहे.

इंग्रजीची २६ अक्षरं पाच जागांत मांडायचे प्रकार १,१८,८१,३७६. त्यांपैकी वर्डल सुरुवातीला शब्द म्हणून स्वीकारत होता ते सुमारे १३,०००. म्हणजे साधारण नऊशे मांडण्यांत एक शब्द. म्हणून यंत्र मांडण्या करत बसत नाही, ते यादी गाळत जातं. लांबी पाच नाही, काढ. ई नाही, काढ. चौथी ई नाही, काढ. युनिक्स प्रणालीत ग्रेप नावाची आज्ञा १९७० च्या दशकापासून आहे, केन टॉम्प्सनने लिहिलेली. तिला रिकाम्या जागेसाठी टिंब द्यायचं. तीन टिंबं आणि ई-आर असा साचा दिला की शब्दांच्या फाइलमधून जुळणाऱ्या ओळी क्षणात समोर येतात. शब्दकोश धुंडाळणाऱ्या काही संकेतस्थळांवर टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह असतं, आणि कितीही अक्षरं चालतील तिथे तारका.

जागा माहीत नाहीत, फक्त अक्षरं माहीत आहेत, तेव्हा मला आवडणारी युक्ती वेगळी. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून ठेवायची. लिसन म्हणजे ई-आय-एल-एन-एस-टी. सायलेंटचंही तेच. एन्लिस्ट, टिन्सल, इनलेट्स, सगळ्यांची ओळख तीच. एकदा यादीची अशी मांडणी करून ठेवली की सहा अक्षरांच्या गोंधळातून पाचही शब्द एकत्र हाती येतात, ७२० मांडण्या तपासाव्या लागत नाहीत. हे वहीतही करता येतं. माझ्या मुलीने सुट्टीत दोनशे शब्दांची अशी वही केली होती, आणि त्यानंतर तिला उलटसुलट अक्षरं नुसती बघून शब्द दिसायला लागले.

माझं मत: खेळ चालू असताना यंत्र नको. खेळ संपल्यावर जरूर बघावं. "माझ्या बारा शब्दांबाहेर कोणते राहिले?" हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी ते सुचणार कसे?

मृद्गंध

नाही पटलं. एकदा यादी बघायची सवय लागली की आधी शेवटच्या संधीला, मग चौथ्या, मग दुसऱ्याच संधीला बघावीशी वाटते. माझ्या घरी हेच झालं. सासूबाई रोज शब्दकोडं सोडवायच्या, अडलं तर दुपारभर तो शब्द मनात घोळवायच्या, भाजी निवडताना अचानक "सापडला!" म्हणून ओरडायच्या. फोनवर उत्तरं मिळायला लागल्यावर कोडं दहा मिनिटांत संपतं आणि ती दुपारची मजा गेली. बाबांना ही सवय लावू नका.

मोरपंखी

मृद्गंध, तुमच्या सासूबाईंची दुपार मला डोळ्यांसमोर दिसली. पण त्यात यंत्राची वेळ चुकली, असं मला वाटतं. आम्ही शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात बघायचो. बघायचो तर होतोच. मधली रात्र महत्त्वाची होती. बाबांनीही उत्तरांची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी बघावी, नवा डाव सुरू करण्याआधी.

तिसरा मजला

रात्र मध्ये जाऊ द्यायची ही कल्पना चांगली आहे. मान्य.

खिळेघर

शब्द सापडणं आणि भाषा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावर नायजेल रिचर्ड्सचं नाव इथे यायलाच हवं. न्यूझीलंडचा हा माणूस इंग्रजी स्क्रॅबलचा अनेकदा जगज्जेता. २०१५ साली त्याने फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, फ्रेंच बोलता येत नसताना! काही आठवडे फ्रेंच शब्दांची यादी पाठ करून. २०२४ मध्ये स्पॅनिशचीही जिंकली. "आपलं इंग्रजी कच्चं" हे बाबांच्या मनात असेल तर काढून टाकायला सांगा.

ओसरी

ही गोष्ट बाबांना सांगितली. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थोर माणूस. पण मला अर्थाशिवाय जमणार नाही." त्यांच्या वहीत प्रत्येक नव्या इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ असतो. एंबर म्हणजे निखारा हे त्यांना याच आठवड्यात कळलं, आणि "चुलीतला इंगळ" असं त्यांनी स्वतः पुढे लिहिलंय. शब्द अर्थासकट आला की त्यांच्या लक्षात राहतो, नुसती अक्षरं राहत नाहीत.

शाईदौत

मग बाबांना मराठीचा मोठा फायदा आहे, तो कसा ते सांगते. क्यू नंतर यू येतो हा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि त्यामुळे यू शिवायचे शब्द कोणाला सुचत नाहीत. ते शब्द बहुतेक अरबी-फारसीतून इंग्रजीत गेलेले आहेत आणि आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत. फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक: टी-ए-एल-ए-क्यू. निकाब: एन-आय-क्यू-ए-बी. बुरखा: बी-यू-आर-क्यू-ए, यू आहे पण क्यू च्या आधी. चारही पाच अक्षरी! दोन अक्षरांत क्यू-आय आहे, चिनी भाषेतला प्राणशक्ती या अर्थाचा शब्द, आणि स्क्रॅबलमध्ये क्यू हातात अडकला की तोच वाचवतो.

तसेच आपले स्वतःचे शब्द. साडी आणि डाळ चार-तीन अक्षरांत. पाच अक्षरांत रुपी, पैसा, क्रोर, धोती, खाकी, सितार, तबला, रायता. जी-एच, डी-एच, बी-एच, के-एच अशी सुरुवात इंग्रजी डोळ्याला विचित्र वाटते, आपल्याला ती घ, ध, भ, ख दिसते. आणि मराठीतून गेलेला शब्द म्हणजे मंगूस! आठ अक्षरी, एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, आपलं मुंगूस. शेवटच्या पाच अक्षरांत इंग्रजीतला हंस, जी-ओ-ओ-एस-ई, बसलाय म्हणून मुलं अनेकवचन मंगीस करतात. ते मंगूसेस असं होतं.

हे सगळे वर्डलचं उत्तर म्हणून येतीलच असं नाही, पण स्क्रॅबलसाठी सोनं आहे. भारतातल्या स्पर्धांमध्ये कॉलिन्सची, म्हणजे कॉलिन्स शब्दकोशाची, मान्य शब्दांची यादी वापरतात. तिच्या २०१९ च्या आवृत्तीत २ लाख ७९ हजारांवर शब्द आहेत, आणि दोन अक्षरी १२७. दोन अक्षरी सगळे पाठ केल्याशिवाय स्क्रॅबलमध्ये पुढे सरकता येत नाही, हे मला शिकवणाऱ्याचं पहिलं वाक्य होतं.

रानजाई

स्वरच नसलेले शब्द कसे ओळखायचे? मी सगळे स्वर घालवून बसते आणि मग हातपाय गळतात.

मोरपंखी

तेव्हा वाय कडे वळायचं, आणि तो मधोमध ठेवून बघायचा. निम्फ, लिम्फ, ग्लिफ, क्रिप्ट, ट्रिस्ट, लिंच, मर्‍ह. सगळे पाच अक्षरी, सगळ्यांत एकुलता वाय. शेवट बघा: पी-एच, पी-टी, एस-टी, सी-एच. म्हणजे वाय च्या मागेपुढे व्यंजनांच्या जोड्या बसतात. दोन वाय वाले जिप्सी आणि पिग्मी. सहा अक्षरांत रिदम, आर-एच-वाय-टी-एच-एम. यांतले बरेच शब्द ग्रीकमधून आलेले, म्हणून वाय सोबत पी-एच, आर-एच दिसतं. वाय पण गेला असेल तर वेल्श भाषेतून आलेले सी-डब्ल्यू-एम, दरी, आणि सी-आर-डब्ल्यू-टी-एच, एक तंतुवाद्य. तिथे डब्ल्यू स्वराचं काम करतो. हे फक्त स्क्रॅबलपुरते.

पाणंद

सगळं वाचून एक प्रश्न पडला. हाच खेळ मराठीत खेळायचा तर "पाच अक्षरी" म्हणजे काय धरायचं?

तिसरा मजला

फार चांगला प्रश्न, आणि संगणकाला घाम फोडणारा. स्त्री हा शब्द आपल्याला एक अक्षर वाटतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, तो सहा चिन्हांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. मराठी हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो, संगणक पाच मोजतो. यंत्राच्या मोजणीने चालायचं म्हटलं तर काना आणि वेलांटीलाही स्वतंत्र चौकोन द्यावा लागेल, आणि नुसता हलन्त चौकोनात बसलेला कोणाला वाचता येणार? म्हणून लांबी अक्षरांनीच मोजायला हवी, कवितेतली अक्षरं मोजतो तशी. मग रंगांचा प्रश्न उरतो. मी कि टाकलं आणि उत्तरात का असेल तर काय दाखवायचं? व्यंजन बरोबर, स्वर चूक. त्यासाठी चौथा रंग लागेल.

पाणंद

म्हणजे इंग्रजीत एका चौकोनात एक माहिती, मराठीत एका चौकोनात दोन-तीन. खेळ अवघड होईल पण सुंदर होईल.

ओसरी

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारचा वृत्तांत.

बाबांनी मधल्या आठवड्यात इंग्रजी वर्तमानपत्राचं एक संपादकीय घेऊन बट्ससारखी अक्षरं मोजली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे गठ्ठे करत दोन संध्याकाळ. ई पहिली आली, टी दुसरा. वहीच्या पहिल्या पानावर आता व्यंजनांच्या जोड्या आहेत आणि शेवटच्या पानावर उलट्या बाजूने शेवट.

भाचीने या वेळी मुद्दाम कठीण शब्द धरला होता. रेझ टाकला, पाचही राखाडी. बाबा घाबरले नाहीत. दुसरा शब्द त्यांनी काउंट घेतला, सी-ओ-यू-एन-टी. सी हिरवा, टी पिवळा, बाकी राखाडी. आता ए, ई, आय, ओ, यू सगळे गेले. फोनवर मला पेन्सिलचा आवाज ऐकू येत होता. आर आणि एस पहिल्याच शब्दात गेलेले, म्हणून सुरुवात सी-आर नाही. सी-एच किंवा सी-एल किंवा सी-वाय. टी शेवटी नाही, पण आहे. जवळजवळ दहा मिनिटं शांतता. मग त्यांनी भाचीला विचारलं, "बाळा, तू रंग नीट बघितलास ना? असा शब्द मला मांडता येत नाही. आर पुन्हा तपास."

तिने तपासलं. शब्द होता क्रिप्ट. आर पिवळा सांगायचा राहिला होता, आणि काउंटचा टी तर हिरवा हवा होता. ती रडवेली झाली. बाबा म्हणाले, अगं, चूक सापडली हेच तर उत्तर. मग त्यांनी क्रिप्ट म्हणजे काय ते तिलाच विचारलं, आणि तिने देवळाच्या गाभाऱ्याखालच्या तळघराचं चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. वहीत "क्रिप्ट: तळघर, चर्चखालचं" असं लिहिलंय, आणि पुढे तारीख.

शाईदौत, मुंगूस तिला सांगितलं. पुढच्या रविवारी आठ अक्षरी शब्द आजोबा धरणार आहेत. तिला अजून माहीत नाही की तो कोणता.